चादर पांघरलेली स्कूटर

आम्ही तिघी जाणार होतो. तिघीच. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी शेवटी माझं मलाच ते पाठांतर वाटायला लागलं. तरी शुक्रवारी पहाटे पाचला मी गल्लीत स्कूटर काढली, तर मागे धाकट्या दिराची चारचाकी उभी, आणि चालकाच्या जागी हे. अंगात स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर चहाचा थर्मास.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? तुमच्या मागं. रजा टाकलीय की."

"आपलं काय ठरलं होतं?"

"मी काय मधे येतोय का? लांबनं बघणार. तुमी समजा मी न्हाईच."

माझ्या मैत्रिणी चौकात येऊन थांबल्या होत्या. गल्लीत भांडण नको म्हणून मी किक मारली. माझ्या आयुष्यातली बरीच भांडणं अशी गल्लीत नको म्हणून राहून गेली आहेत.

हे भांडण कशाचं ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी उगाच आदळआपट करणारी बाई वाटेन. मी एक्कावन्न वर्षांची आहे. शाळेत मला वडील सायकलवरून सोडायचे, कॉलेजात भाऊ, आणि लग्न झाल्यापासून हे. एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक बघते. भवानी पेठेतल्या आमच्या घरापासून कचेरी चालत वीस मिनिटं. पण सकाळी सोडायला हे, संध्याकाळी आणायला हे. रविवारी विहारात वंदनेला जायचं तरी हेच. नणंदेला बघायला केमला जायचं तर रेल्वेच्या डब्यात शेजारी हे, आणि स्टेशन यायच्या अर्धा तास आधीपासून "चप्पल घाल" म्हणून मागे लागणार. बाहेरून बघणाऱ्याला हे फार छान वाटतं. कचेरीतल्या बायका म्हणतात, नशीब काढलंस. आमच्या ह्यांच्यात वाईट खोड एक नाही, हे मीही मान्य करते. पण मला कायम कुणीतरी सोडतं आणि कुणीतरी आणतं. मी कधी कुठं गेलेच नाही. पोचवली गेले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतले एक साहेब निवृत्त झाले आणि त्यांची जुनी गिअरची स्कूटर मी घेतली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागणारी, किक मारायच्या आधी एका अंगाला वाकवावी लागणारी. सगळ्यांनी वेड्यात काढलं. हे म्हणाले, घे, पण मैदानावरच चालव. सकाळी मैदानावर मला शिकवलं ते मोहोळच्या मैत्रिणीनं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मोहोळहून लग्न होऊन सोलापुरात आली, आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही. दुसरी मैत्रीण विणकर घरातली. घरात तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाईक बघून उर्दू. तिच्या सासऱ्यांची टॉवेलाचे गठ्ठे वाहून वाहून बूड टेकलेली जुनी स्कूटर ती चालवते. आम्ही तिला टॉवेलवालीच म्हणतो. तिनंच फोनवर ती जाहिरात दाखवली. कोकणात समुद्राकाठच्या एका गावात जुन्या स्कूटरींचा मेळावा. शनिवारी सगळ्यांनी जमायचं, रविवारी सकाळी रांगेनं किनाऱ्याच्या रस्त्यानं दीपगृहापर्यंत जायचं. बस्स एवढंच.

त्या जाहिरातीत मला फक्त ती रांग दिसली, आणि त्या रांगेत मी. इथून निघून समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून दीपगृहापर्यंत, माझ्या हातानं, माझ्या किकनं. मी दोन महिने दुसरा विचार केला नाही. आणि निघाले तेव्हा आरशात ती चारचाकी.

सोलापूर ते कोल्हापूर तो पहिला दिवस कसा गेला हे आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. आमच्या स्कूटरी चाळीसच्या पुढं जात नव्हत्या, म्हणून हेही चाळीसनं. मागून येणारे ट्रक ह्यांच्यावर हॉर्न मारायचे, ह्यांना वाटायचं आमच्यावर मारतायत, म्हणून हे आम्हाला हॉर्न मारायचे की डावीकडं घ्या. मंगळवेढ्यापर्यंत माझे कान किटले. तिथं थांबलो तर हे ओआरएसची पाकिटं घेऊन उतरले.

"ऊन न्हाई, तहान न्हाई, आणि पाकीट कसलं?" मोहोळची म्हणाली. "भावजी, मी नर्स हाय. मला कळतंय की."

"प्या हो, प्या. पुढं सांगोल्यापर्यंत सावली न्हाई."

"जानेवारीत सावली कशाला पायजे?"

पण प्यायलो. प्यायल्याशिवाय ते हलणार नव्हते. सांगोल्याच्या अलीकडं चहाला थांबलो तिथं हॉटेलवाला आमच्याकडं न बघता ह्यांना विचारतो, "साहेब, ह्या बायका तुमच्याबरोबरच्या का?" हे म्हणाले, "व्हय, माझ्याबरोबरच्या." मी चहा तसाच ठेवून उठले. टॉवेलवाली म्हणाली, "जाऊ दे गं, चहा गोड होता." तिचं बरं आहे. तिचा नवरा तिला सकाळी एक आणि रात्री एक फोन करतो आणि दोन्ही वेळा माल कुठं ठेवलाय एवढंच विचारतो.

कोल्हापुरात टॉवेलवालीच्या चुलत जावेकडं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आंबा घाट. मला घाटाची धाकधूक होती आणि उत्सुकताही तेवढीच होती. मैदानावर शिकलेली बाई घाट उतरणार, ही गोष्ट माझी मनातल्या मनात कितीतरी जणींना सांगून झाली होती. घाट सुरू व्हायच्या आधी ह्यांनी गाडी पुढं काढली. "आता मी पुढं, मला वळणं माहीत हायेत," म्हणाले. हे भूगोल शिकवतात. आंबा घाट ह्यांनी एकदा सहलीच्या बसमधून बघितला आहे. मग प्रत्येक वळणाला ह्यांचा हात खिडकीबाहेर. हळू. थांब. ये. घाट कसा होता असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? मला फक्त एक स्वेटरची बाही दिसली. उजवीकडं दरी होती म्हणतात.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास समुद्र दिसला. लहानपणी एकदा दादरला वडिलांच्या खांद्यावरून गर्दीच्या डोक्यांपलीकडं बघितला होता, तेवढाच. हा मात्र मोकळा होता. मी स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, आणि बरं वाटायला लागणार तेवढ्यात मागून, "बघितलंस का? म्हणलं होतं की न्हाई, दोनपर्यंत पोचवतो." मी हेल्मेट परत घातलं.

मेळाव्याच्या मांडवात नावनोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या माणसानं ह्यांनाच विचारलं, गाडी तुमची का. "हिची," हे अभिमानानं म्हणाले, आणि अर्ज ओढून घेऊन स्वतःच भरायला लागले. सुंदर अक्षरात. माझं नाव, माझं वय, माझा रक्तगट. सही तेवढी मला करायला दिली. माझ्या शेजारी साठीतल्या दोन बहिणी होत्या, कोल्हापूरकडच्या. एकमेकींच्या स्कूटरीच्या नावानं बोटं मोडत, हसत अर्ज भरत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. इतका हेवा मला कुणाच्या दागिन्याचा कधी वाटला नाही.

आम्ही उतरलो होतो ती एक घरगुती खानावळ होती. मागे नारळाची बाग, अंगणात विहीर, कडेनं चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत. संध्याकाळी आम्ही तिघी वाळूवर चालायला गेलो. हे येत नाही म्हणाले तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. "तुमी जाऊन या, मी तुझी स्कूटर बघतो जरा. खाऱ्या हवेत गंज धरतं लोखंड." दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही तिघी तिघीच होतो. मोहोळची लाटेत गुडघ्यापर्यंत गेली आणि साडी भिजवून आली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्ही पदरात बांधून नेली होती, ती वाळूत बसून खाल्ली. उद्याच्या रांगेत कोण कुणाच्या मागे हे ठरवलं. जुन्या गिअरच्या स्कूटरी पुढं, बिनगिअरच्या शेवटी, असा नियम होता, म्हणून मोहोळची शेवटी जाणार होती आणि ती त्यावरून आमच्या स्कूटरींना शिव्या देत होती. त्या एका तासासाठी मी सगळं विसरले.

परत आलो तर ह्यांनी विहिरीचं पाणी काढून स्कूटर धुतली होती. सहा बादल्या, म्हणाले. साबणानं घासून, चाकाच्या फटींतनं बोटं घालून, खालून वरून. आणि मग तिच्यावर घरून आणलेली जाड सोलापुरी चादर घातली होती, दुहेरी करून, चारी बाजूंनी सुतळीनं करकचून बांधली होती.

"मीठ म्हणून राहू दिलं न्हाई," हे म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं असंच करतात. गल्लीत प्रत्येक दुचाकीवर जुनी चादर असते. धूळ बसत नाही, सीट तापत नाही. आणि ओलं राहायची भीती सोलापुरात कुणाला असते? सकाळी धुतलेली सतरंजी दोरीवर टाकून कोपऱ्यावरून भाजी आणेपर्यंत खडखडीत होते. मोहोळची आणि टॉवेलवालीही बघून म्हणाल्या, भावजींनी छान केलं, आमच्याही धुवायच्या होत्या की. मला उलट थोडं बरंच वाटलं. म्हटलं चला, निदान हात रिकामे नाही ठेवले.

रविवारी सकाळी साडेसहाला मी अंगणात आले. नारळीच्या झावळ्यांतून टपटप पाणी पडत होतं, पाऊस नव्हता, दव होतं. मी चादरीला हात लावला आणि हात ओला झाला. नुसता ओला नाही. चादर पिळली तर बादलीभर पाणी निघालं असतं. धुतलेलं पाणी आत कोंडलं होतं, वरून रात्रभराचं दव त्या जाड सुतानं पिऊन घेतलं होतं. सुतळीच्या गाठी फुगल्या होत्या, सुटेनात. शेवटी टॉवेलवालीनं दातांनी सोडल्या.

खानावळीच्या मालकीणबाई दारात आल्या. "अहो, पांघरूण घातलंत? धुऊन?" त्या म्हणाल्या. "इकडे साधा टॉवेल वाळायला दोन दिवस लागतात हो."

मी स्कूटर वाकवली, चोक ओढला, किक मारली. काही नाही. पुन्हा. दहा वेळा. वीस वेळा. बाहेर रस्त्यावर एकेक स्कूटर सुरू झाल्याचा आवाज यायला लागला, निळा धूर कुंपणावरून आत यायला लागला. तो वास मला फार आवडतो. त्या दिवशी तो नकोसा झाला.

सातला रांग सुटणार होती. पावणेसातला मोहोळची म्हणाली, "तू चालू कर, आमी थांबतो. काय रांगेला आग लागली न्हाई."

"तुम्ही जा."

"आगं पण..."

"जा म्हटलं ना. एकीमुळं तिघींचं नको."

त्या गेल्या. टॉवेलवाली वळून वळून बघत गेली. जा म्हणाले मीच, आणि गेल्या याचाही मला राग आला. त्या दिवशी राग सगळ्यांना वाटूनही उरला असता. सात वाजता सगळ्या स्कूटरींचा एकदम आवाज झाला, मग तो हळूहळू उत्तरेकडं गेला, मग फक्त समुद्र ऐकू यायला लागला.

हे इतका वेळ विहिरीशी उभे होते. आता जवळ आले. हातात चारचाकीची किल्ली.

"चल, बस गाडीत. अजून लांब गेले नसतील. दहा मिनिटांत गाठतो बघ. शेवटी दीपगृहाशी पोचल्याशी मतलब."

मी किक मारायची थांबले आणि डिकीतून प्लगचा पाना काढला.

"मला पोचवू नका," मी म्हटलं. "मला जायचंय. ह्यातला फरक तुम्हाला कळतो का? कळत नसला तर मी आता सांगणार नाही, सांगून सांगून मी थकले. दोन महिने मी ह्या एका सकाळसाठी थांबले होते. तुम्हाला मी एकच गोष्ट मागितली, येऊ नका. तुम्ही आलात. हॉर्न मारलेत, पाकिटं पाजलीत, घाटात हात दाखवलेत, माझा अर्ज भरलात, आणि शेवटी माझी स्कूटर बुडवलीत. तीस वर्षं पोरांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवता तुम्ही. फळ्यावर बाण काढता. आणि समुद्राकाठी ओल्या स्कूटरला चादर घालता."

मालकीणबाई आत गेल्या. हे गडग्यावर बसले. ती ओली चादर त्यांनी उचलून मांडीवर घेतली, पँट भिजली तरी तशीच.

"मला वाटलं वाळंल," ते म्हणाले. "आपल्याकडं वाळती की."

"का आलात? खरं सांगा. रस्त्याची काळजी वाटत होती असं सांगू नका. मोहोळची माझ्याबरोबर होती. ती मेलेल्या माणसालासुद्धा उठवून बसवेल."

ते चादरीचं टोक पिळायला लागले.

"घरात काय करू, सांग की," ते म्हणाले. "पोरगी पुण्यात. तू न्हाईस. सत्तावीस वर्षांत त्या घरात मी एकटा एक दिवस राहिलो न्हाई. शुक्रवारची संध्याकाळ डोळ्यापुढं आली आणि शाळेत जाऊन रजेचा अर्ज लिहिला."

"आणि रोज कचेरीत सोडायला येता ते?"

"तेवढीच सोबत."

"कुणाला?"

"मला."

इथं माझं मन विरघळायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. टॉवेलवालीला नंतर सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. माझं डोकं मात्र असं काही फिरलं की मी हातातला प्लगचा पाना खाली ठेवला, न जाणो. कारण इतकी वर्षं मी काय समजत होते? की ह्यांना वाटतं मला जमणार नाही. मला रस्ता ओलांडता येणार नाही, माझी गाडी चुकेल, कुणी काही बोललं तर मला उत्तर देता येणार नाही. आणि एवढा शहाणा, शिकवणारा माणूस रोज असं वागतो म्हणजे तसं असणारच, म्हणून मी खरंच घाबरत गेले. पुण्याला पोरीकडं एकटी जायला घाबरले. बढतीची परीक्षा पुण्यात होती म्हणून ती दिली नाही. आणि ती भीती माझी नव्हतीच. ह्यांना रिकाम्या घराची भीती वाटत होती, आणि ती सत्तावीस वर्षं मी माझी म्हणून अंगावर वागवली.

"असं होतं तर सांगायचं," मी म्हटलं.

"काय सांगायचं? लाज वाटती."

"मग मी घाबरट ठरले ते चाललं."

ते पाना उचलायला वाकले, मी म्हटलं, "हात लावू नका," आणि त्यांनी हात मागे घेतला.

इंजिनाच्या बाजूचं झाकण मी काढलं. आत पाणी साचलेलं. प्लग काढला, तो काळा आणि ओलाचिंब. वायर पुसली, प्लगची टोपी पुसली, पदराचं कोरडं टोक संपलं तेव्हा आतून परकराच्या टोकानं पुसली. मालकीणबाईंच्या चुलीवर चिमट्यात धरून प्लग तापवला, तांबूस होईपर्यंत. परत बसवला. किक. नाही. आतपर्यंत ओल गेली होती, आणि तिथं सोलापूरचं ऊन नव्हतं. मग स्कूटर मी ओढत अंगणाच्या टोकाला नेली, जिथं झावळ्यांतून उन्हाचा एक पट्टा पडत होता, आणि झाकण उघडं ठेवून उभी राहिले. पट्टा सरकला की मी स्कूटर सरकवायची. हे गडग्यावरून बघत होते. एकदा उठायला लागले, मग आपणच बसले. रांगेत असते तर आत्ता खाडीच्या पुलावर असते, आत्ता चढावर असते, असा हिशोब माझ्या डोक्यात चालूच होता, बंद होत नव्हता.

साडेनऊ वाजून गेले तेव्हा चौथ्यांदा प्लग तापवून आणला. वाकवली, किक मारली, आणि ती फुरफुरली. मी आणखी एक मारली. लागली. पांढरा धूर बागभर झाला.

हे उठून उभे राहिले. "बंद पडली तर वाटेत?"

"तर मी बघीन. तुम्ही इथंच थांबा. मागं येऊ नका. फोनसुद्धा करू नका."

"बरं," ते म्हणाले.

किनाऱ्याचा रस्ता रिकामा होता. डावीकडं समुद्र, उजवीकडं सुरूची झाडं. आरशात काही नव्हतं. मला वाटलं होतं आता गाणं म्हणावंसं वाटेल. पण पोटरी दुखत होती, हातांना पेट्रोलचा वास येत होता, आणि ते "तेवढीच सोबत" कानातून जात नव्हतं. खाडीच्या पुलावर समोरून रांग परत येताना भेटली. झेंडे लावलेल्या स्कूटरी, हॉर्न, त्या साठीतल्या दोन बहिणी. टॉवेलवालीनं मला बघून ब्रेक मारला, मागचा एक जण तिच्यावर आदळता आदळता राहिला. ती हातानं विचारत होती, वळू का, येऊ का. मी पुढं बोट दाखवलं आणि थांबले नाही. शेवटी मोहोळची आली, तिनं फक्त मान हलवली आणि निघून गेली. तिचे त्या मान हलवण्याबद्दल मी अजून उपकार मानते.

दीपगृहाखाली मांडव उतरवणं चाललं होतं. एक माणूस कापडी फलक गुंडाळत होता.

"मॅडम, कार्यक्रम संपला. कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही. मी आलेय."

"कुठून?"

"सोलापूर."

त्यानं माझ्या मागे रस्त्याकडं बघितलं, कुणी येतंय का म्हणून. मग म्हणाला, "झेंडे संपले. पाणी आहे, देऊ का?" मी पाणी प्यायले. तो टेम्पोत बसून गेला, आणि मग तिथं मी एकटी. मी एका दगडी कट्ट्यावर बसले आणि फोन काढून शेजारी ठेवला.

मला रांगेत यायचं होतं, लोकांनी बघायला हवं होतं, ते झालं नाही, त्याची हळहळ मला आजही आहे. पण माझ्या हातानं आले हे खरं होतं. हा विचार मनात नीट बसतो न बसतो तोच मी फोनकडं बघितलं. तो वाजला नव्हता. अर्धा तास गेला, तरी वाजला नाही. मी नको म्हटलं आणि ह्यांनी ऐकलं, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. आणि ते कसं ऐकतायत हे मला तिथं बसून दिसत होतं. गडग्यावर बसलेले, पँट ओली, फोन हातात धरलेला, दर दोन मिनिटांनी त्याच्याकडं बघत. चहा विचारला तरी नको म्हणत असतील. इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं, आणि दिसायला लागलं तेही नेमकं आज. उठावं, किक मारावी, जावं, असं दोनदा पायात आलं. डोळ्यात पाणी आलं, ते रागाचं होतं असं मी स्वतःला सांगितलं. पण आज मी गेले असते तर उद्या कचेरीच्या दारात पुन्हा तीच सोबत, आणि आता तर मला कारणही माहीत होतं, म्हणजे नाही म्हणायची सोयच उरली नसती. म्हणून मी उठले नाही. पदर डोक्यावर घेतला आणि पाऊण वाजेपर्यंत तिथं बसून राहिले.